पहिल्या खेपेचा स्पंज

बुरशी मजेत वाढली होती. सहा प्लेटा, सहाच्या सहांत पांढरीफटक बुरशी काठाला जाऊन टेकलेली, आणि मधोमध ठेवलेली अर्काची चकती त्या पांढऱ्यात पार गडप. अर्क लागू पडला असता तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसायला हवं होतं. वर्तुळाचं सोडाच, नखाएवढी जागा त्या बयेनं सोडली नव्हती. रंजनानं प्लेटा एकावर एक रचल्या, कचऱ्याच्या लाल डब्याकडे पाहिलं आणि तिच्या मनात आलं, या प्लेटांबरोबर आपणही तिथंच जाऊन बसावं.

नवव्यांदा हे झालं होतं. एकदा नाही, दोनदा नाही, नऊ वेळा.

स्पंजावर पीएच.डी. करते असं सांगितलं की सुरतेच्या गोडादऱ्यातल्या तिच्या गल्लीत पहिला प्रश्न यायचा, भांडी घासायचा स्पंज का? आधी आधी ती हौसेनं समजावायची. समुद्राच्या तळाला खडकाला चिकटून राहणारा हा जीव. पळता येत नाही, चावता येत नाही, अंगावर कवच नाही. दिवसभर पाणी आत ओढायचं, गाळायचं, बाहेर सोडायचं, एवढाच त्याचा उद्योग. मग कुणी खायला आलं तर करणार काय? म्हणून तो अंगात नाना प्रकारची रसायनं बाळगतो. कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजावरून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध सुचलं, जपानकडच्या एका काळ्या स्पंजावरून स्तनाच्या कर्करोगावरचं. मग आपल्या गुजरातच्या ओखा बंदराजवळच्या समुद्रातल्या स्पंजानं काय घोडं मारलंय? हे सगळं ती रंगवून सांगायची. आता कुणी विचारलं तर म्हणायची, हो, भांडी घासायचाच.

रंजनाला कर्करोग नको होता. तिला गजकर्ण हवं होतं. तिचे वडील चिंधा चोवीस वर्षं लूमखात्यात होते. सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात, आणि त्या खात्यात बारा-बारा तास घामानं निथळत उभं राहिलं की कमरेला पट्टा धरतो. लाल, गोल, खाजरा. मेडिकलवाला मलम देतो, चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी दुप्पट. चिंधाआबांच्या कमरेवर ते सात वर्षं ठाण मांडून होतं आणि कुठल्याही औषधाला दाद देत नव्हतं. लोक याला साधं खाजेचं दुखणं समजतात. खाजवून खाजवून रक्त काढलेला माणूस जेवायला ओणवा बसतो, तेव्हा बघा म्हणावं साधं आहे का.

म्हणून पाच वर्षांपूर्वी पहिल्या खेपेचा अर्क तिनं हीच हट्टी बुरशी वाढवून तिच्यावर लावला, आणि प्लेटवर बावीस मिलिमीटरचं स्वच्छ, गोल, रिकामं मैदान उमटलं. जरीवाला सर म्हणजे तिचे गाइड. हा माणूस विद्यार्थ्यांच्या कामाची स्तुती आयकर भरल्यासारखी करायचा. त्यांनी ती प्लेट खिडकीपाशी नेली आणि म्हणाले, "रंजना, आ तो सोनुं छे." त्यावर एक लेख छापून आला. लेखाची छापील प्रत मंगलाबाईंनी, म्हणजे रंजनाच्या आईनं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात लुगड्यांखाली ठेवली. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, पण कुणी पाहुणं आलं की लुगडी वर व्हायची.

आणि तिथून पुढे सगळं बोंबललं.

अर्कात शंभर भानगडी असतात. त्यातलं नेमकं कोणतं रसायन बुरशी मारतं ते वेगळं काढायचं तर माल हवा होता, आणि पहिल्या खेपेतला माल बोटभर बाटलीएवढा उरला होता. रंजना पुन्हा ओख्याला गेली. संरक्षित भागाच्या बाहेर, मच्छीमारांच्या जाळ्यात माशांबरोबर वर येणारा तोच विटकरी स्पंज, तोच धक्का, तेच लोक. अर्क काढला, लावला. शून्य. मग सर म्हणाले, ऋतू बदलला असेल. हिवाळ्यात आणला. शून्य. सर म्हणाले, रसायन स्पंजाचं नसेलच, त्याच्या अंगात राहणाऱ्या जिवाणूंचं असेल आणि ते जिवाणू या वर्षी नसतील. जिवाणू वाढवण्यात अकरा महिने गेले. शून्य. सर म्हणाले, पाण्याची खोली, सर म्हणाले, भरती-ओहोटी. रंजनानं पहिल्या आणि पुढच्या खेपांतले फरक वहीत लिहून काढले, अकरा फरक निघाले, आणि एकेक फरक खोडण्यात तिचं तिसावं, एकतिसावं आणि बत्तिसावं वर्ष खर्ची पडलं. फेलोशिप संपली. बरोबरच्या मुली प्राध्यापक होऊन आपापल्या गाडीनं कॉलेजला जायला लागल्या. ही अजून प्लेटा धुते.

वीस तारखेला विभागासमोर तिला सगळं काम मांडायचं होतं. ते पार पडलं तर प्रबंध, नाही तर नाव रद्द. सरांनी शेवटचा उपाय म्हणून ती उरलेली बोटभर बाटली बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवली. "आता त्यातलं काय काम करतं ते यंत्रच सांगेल," ते म्हणाले. म्हणजे पाच वर्षांपूर्वी जे करायचं ते आत्ता केलं. पण गाइडला असं बोलायचं नसतं.

सहा तारखेला अहवाल आला. सरांनी तो वाचला, परत वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे स्पंजाचं नाही," ते म्हणाले.

अर्कात बुरशी मारणारं एकच रसायन होतं आणि ते पृथ्वीवरच्या कुठल्याही स्पंजानं आजवर बनवलेलं नव्हतं. ते कारखान्यात बनत होतं. मालाला बुरशी लागू नये म्हणून वापरायचं स्वस्त औषध. पाच वर्षं रंजना ज्याच्या मागे समुद्र पालथा घालत होती, ते पिंपानं विकत मिळत होतं.

पण जरीवाला सर काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर ओढला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, ऐक ना. स्पंज दिवसाला किती पाणी गाळतो? कारखान्यांचं सांडपाणी कुठं जातं? समुद्रात. स्पंजानं ते अंगात साठवलं. त्या वर्षी जास्त असेल, नंतर कमी झालं, म्हणून पुढच्या खेपा रिकाम्या. समुद्राच्या प्रदूषणाची साक्ष देणारा स्पंज. पहिल्या कामापेक्षा हे मोठं आहे. शीर्षक बदलायचा अर्ज आजच टाकू. वीस तारखेला उभी राहा, वर्षाच्या आत डॉक्टर होशील."

आणि हे औषध कुठकुठल्या उद्योगात वापरतात त्याची यादी त्यांनी संगणकावरून मोठ्यानं वाचायला घेतली, प्रदूषण कुठून आलं ते दाखवायला. रंग. चामडं. लाकूड. सुताला द्यायची खळ.

खळ म्हटल्याबरोबर रंजनाला आबांचं लूमखातं आठवलं. तिनं वही मिटली. हो सर, म्हणाली, आणि बस पकडली.

घरी चिंधाआबा पलंगावर बसून चहा पीत होते. आता खातं सुटलं होतं, एका सोसायटीत वॉचमनचं काम होतं. खाली चटईवर मंगलाबाई साड्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन मागच्या बाजूचे लोंबणारे धागे कापत होत्या. धागाकटिंगचं हे काम त्या घरात बसून करत. रंजनानं चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच विचारलं.

"माय, मी पहिल्या डाव ओख्याला गेले, तेव्हा तू पिशव्या शिवून दिल्या होत्या. ते कापड कुठलं होतं?"

कारण पिशव्या होत्या. चाळीस पिशव्या. स्पंजाच्या अंगात काचेसारखे बारीक काटे असतात, प्लास्टिक फाटतं. तेव्हा प्रयोगशाळेत बरण्यांना पैसे मंजूर नव्हते. मग मंगलाबाईंनीच दोन दिवस मशीनवर बसून नाडीच्या पिशव्या शिवल्या, आणि त्या पिशव्यांत स्पंज भरून रंजनानं त्या अल्कोहोलच्या कॅरब्यात, म्हणजे प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात, बुडवल्या. दोन महिने स्पंज पिशवीसकट मुरत पडला होता. पुढच्या खेपांना बरण्या आल्या.

"मंडपनं कापड व्हतं ते," मंगलाबाई म्हणाल्या. "तुना आबाना खातामा निंघे. जाड, सुती. काब्रं इचारस?"

"धुतलं होतंस का ते?"

मंगलाबाईंनी कात्री खाली ठेवली. त्यांना हा प्रश्न बावळट वाटला, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसलंही. धुवून कसं चालेल? धुतलं की खळ जाते, खळ गेली की औषध जातं. "भिजेल वस्तू भरनारी तू. साधं कापड आठ दिवसमा सडी जातं. म्हनीसन मी हाईच निवाडी काढं. याले बुरशी लागतच नही."

मग आबाही बोलते झाले. त्या वर्षी ते खळ शिजवायच्या भट्टीवर होते. मंडपाचं कापड पावसाळाभर गोदामात पडून राहायचं, म्हणून शेटचा हुकूम असायचा, औषध दुप्पट टाका. आबा स्वतः मगानं टाकायचे. बोटांची सालं निघायची, डोळे चुरचुरायचे. एवढं सांगून ते चहाचा उरलेला घोट प्यायले. आपण काय सांगितलं याची त्यांना काडीचीही कल्पना नव्हती.

रंजना मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. रडू येत नव्हतं. राग येत होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. आईवर? तिनं तर असतील नसतील त्या तुकड्यांतून लेकीसाठी सगळ्यात टिकाऊ कापड निवडलं होतं. प्रत्येक प्रयोगात आपण नुसतं अल्कोहोल वेगळं ठेवून तपासलं, की गुण अल्कोहोलचा तर नाही ना. पिशवी वेगळी ठेवून तपासायचं कुणाच्या बापाच्या डोक्यात आलं नाही, कारण पिशवी कुठं लिहिलेलीच नव्हती, त्या अकरा फरकांतही नाही.

त्या पिशव्यांपैकी एक घरात उरली होती, मंगलाबाई तिच्यात कपड्यांचे चिमटे ठेवत. रंजनानं चिमटे ओतले आणि पिशवी प्रयोगशाळेत नेली. एक कोपरा कापला, अल्कोहोलमध्ये टाकला, चकती केली, आणि त्याच हट्टी बुरशीच्या प्लेटवर ठेवली. सहा दिवस लागले. ते सहा दिवस ती देवाला म्हणत होती, वाढू दे. जन्मात पहिल्यांदा ती बुरशीच्या बाजूनं होती.

सातव्या दिवशी प्लेटवर वर्तुळ होतं. पाच वर्षं चिमट्यांची ने-आण केलेल्या पिशवीचं अठरा मिलिमीटर.

जरीवाला सरांनी प्लेट पाहिली. या वेळी खिडकीपाशी नेली नाही. "कुणाला दाखवलीस?"

"कुणालाच नाही."

"पिशवी तपासायला तुला कुणी सांगितलं होतं?" असं म्हणून ते स्वतःच ओशाळले. माणूस वाईट नव्हता. त्यांचीही निवृत्ती दोन वर्षांवर होती आणि हा एकच लेख असा होता ज्याबद्दल लोक त्यांना फोन करून विचारत. ते बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिले. मग म्हणाले, "दोन्ही असू शकतं ना? थोडं पिशवीचं, थोडं समुद्राचं?"

"सर, पुढच्या सगळ्या खेपांत समुद्राचं शून्य आलंय."

"मग लेखाचं काय?" त्यांनी खणातून छापील लेख काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे तू लिहिलंयस. 'नमुने निर्जंतुक पॉलिथिन पिशव्यांत गोळा केले.' कापडी पिशवी कुठं आहे यात? मी तर वाचून सही केली. मला काय माहीत?"

खरं होतं. ओळ तिचीच होती. ती लिहिताना तिनं आधी 'कापडी पिशव्या' असं लिहिलं होतं. मग तिच्या डोळ्यांपुढे विभागातले लोक आले. हा लेख ते चाळणार, आणि विचारणार कुठल्या कापडी पिशव्या. मग सांगावं लागणार, आईनं घरी शिवल्या, आबांच्या लूमच्या तुकड्यांतून. विभागातल्या इतर मुलींच्या आया बँकेत होत्या, शाळेत होत्या. रंजनानं ते दोन शब्द खोडले आणि परदेशी लेखांत असतं तसं एक वाक्य उचलून घातलं. कुणालाही फसवायचं नव्हतं तिला. नुसती लाज वाटली होती. खरं लिहिलं असतं, तर लेख तपासणाऱ्या कुणा शहाण्यानं पहिल्याच महिन्यात विचारलं असतं, कापड कोणतं?

"सोमवारपर्यंत विचार कर," सर म्हणाले. "प्रदूषणावर उभी राहा, पिशवीचं कुणी विचारणार नाही. नाही तर जर्नलला पत्र लिही, लेख मागे घे. मग तुझ्याकडे उरतं काय? कामाचा नाही असा एक स्पंज. त्यावर विभाग काही तुला पदवी देणार नाही. वीस तारखेला नाव जाईल. मी थांबवू शकणार नाही, हे आधीच सांगतो."

ते बोलत होते त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. त्याचाच तिला जास्त संताप आला.

शनिवारची सबंध दुपार ती घरात भिंतीला टेकून बसली. प्रदूषणाचा प्रबंध तिनं मनातल्या मनात लिहून पाहिला. छान जमत होता. दुसरं प्रकरणही जमलं. मग तिला दिसलं की तो वाचून उद्या कुणी दुसरी रंजना बोटीवर चढेल, ओख्याच्या स्पंजात हे औषध शोधत फिरेल आणि वर्षानुवर्षं अकरा-अकरा फरक खोडत बसेल. त्या पोरीची तिला एकदम कीव आली. आणि मग स्वतःचीही आली, पाच वर्षांत पहिल्यांदा.

"काय व्हयनं व माय?" मंगलाबाईंनी विचारलं. त्या धागे कापत होत्या, हात थांबले नव्हते.

रंजनानं सांगून टाकलं. आडवळण घेतलं नाही. स्पंजात काही नव्हतं. गुण तुझ्या कापडाचा होता, आबांनी खळीत टाकलेल्या औषधाचा. ते माणसाच्या अंगाला लावता येत नाही, आबांची बोटं सोलली ती त्यानंच. लेख खोटा ठरला. तो मागे घ्यायचं पत्र लिहितेय. पदवी मिळणार नाही.

आबांनी पलंगावरून एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या बोटांकडे, आणि ते उठून गॅलरीत गेले. मंगलाबाईंचे हात आता थांबले.

"पाच वरीस," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण धार होती. तू त्या वहीत पाण्याचा खारटपणा लिहिलास. बोटवाल्याचं नाव लिहिलंस. अमावास्या-पौर्णिमा लिहिलीस. दहा वेळा ओख्याला जाऊन त्या कोळ्यांना विचारून आलीस. "माले एक डाव बी इचारं नही. मी आठेच, घरमाच बशेल व्हतू. इचारं असतं ते पहिलाच दिन सांगी देतू."

रंजनाकडे याला उत्तर होतं, आणि पदवी गेली हे सांगण्यापेक्षा ते सांगणं अवघड होतं. तरी तिनं तेही सांगितलं, मान वर न करता. लेखात पिशव्यांबद्दल काय छापलंय, आणि का.

मंगलाबाई उठल्या, कपाट उघडलं, लुगड्यांखालून ती प्लास्टिकची पिशवी काढली आणि लेख रंजनासमोर धरला.

"कथं?"

रंजनानं ओळ दाखवली. मंगलाबाईंनी त्या इंग्रजी ओळीवरून बोट फिरवलं, ज्यात त्या नव्हत्या. पाच वर्षं त्या हा कागद आल्यागेल्याला दाखवत होत्या.

"आते जे पत्र लिखशी, त्यामा चूक कोनी म्हनीसन लिखशी?"

"माझी."

"तुनीच शे." मंगलाबाईंनी लेखाची घडी घातली, तो पिशवीत टाकला, पण कपाटात परत ठेवला नाही. "चूक तुनी लिख. पन पिसव्या मन्या व्हत्यात, तेवढं तरी लिख."

त्या परत चटईवर बसल्या आणि त्यांनी पुढची साडी ओढली. रंजनानं लॅपटॉप उघडला. पत्राच्या पहिल्या परिच्छेदात तिनं चुकीपुढे स्वतःचं नाव घातलं, दुसऱ्यात कापडाचा प्रकार, खळ आणि औषध. पिशव्या कुणी शिवल्या तिथं आल्यावर ती थांबली आणि तिनं विचारलं, "माय, तुझं पूर्ण नाव कसं लिहू?"

"मंगलाबाई चिंधा बागुल," मंगलाबाईंनी मान वर न करता सांगितलं. "आनि आठे, गोडादराना घरमा शिव्यात म्हनीसन लिख."